इंगळांवरून

पापी माणसाचेच पाय जळतात, असं भर जत्रेत तुम्हीच सांगितलंत, देवरुशी. सांगलीच्या डॉक्टरनं बजावलं होतं, की साखरेच्या आजारानं अर्जुनाच्या पायांच्या नसा मरत चालल्यात, म्हणून गार फरशीवरही त्याच्या पायांची आग होते. तरी तुम्ही त्याच्या गोळ्या बंद केल्या आणि त्याला रसरसत्या इंगळांवरून चालायला लावलंत.

पलीकडं पोचताच अर्जुना बायकोकडं बघून हरखून ओरडला, "बये, पाप फिटलं गं! पाय जराबी भाजलं न्हाईत!"

लोकांनी भंडारा उधळला. बयाबाईनं खाली बसून त्याचे पाय मांडीवर घेतले, तर तळव्यांची कातडी तिच्या लुगड्याला चिकटून आली.

बयाबाई तिथूनच ओरडली,

"आवं देवरुशी, पळताय कुठं? आता मेंढरांमागं ह्यो कुठल्या पायानं जायाचा? बोला!"