काचेवरचं कुंकू

चैत्रातल्या हळदीकुंकवाला आई नानांच्या खोलीतल्या चित्रालाही कुंकू लावायची. नाना, माझे वडील, गणिताचे मास्तर. तांब्यावर कोरून छापलेलं ते जुनं चित्र, खांद्यावर रुळणारे कुरळे केस, गळ्याशी झालर.

"गणितातल्या मोठ्या बाई आहेत," आई सांगायची. दुपारच्या उन्हात त्या माझ्याकडे बघून हसायच्या.

मॅट्रिकनंतर नाना म्हणाले, "गणित पुरे. आता शिवण शीक."

"त्या बाईंना कुणी शिवायला बसवलं होतं का?"

नाना चित्राकडे बघत राहिले. सोमवारी कॉलेजचा फॉर्म घेऊन आले.

कॉलेजच्या पुस्तकात तेच चित्र भेटलं. बाई नव्हत्याच, केसांचा टोप घातलेले गृहस्थ होते.

सुट्टीत घरी गेले, तेव्हा नाना चित्राची काच पुसत होते. कुंकवाचा ठिपका तेवढा सोडून.