वजिराची दक्षिणा

“त्यात विचारायचं काय, मॅडम? ऑनलाइन डाव कुणालाही दिसतो,” बुद्धिबळ मंडळाचे चिटणीस खानोलकर फोनवर हसले. “शिवाय कौतुकच केलंय तुमचं!”

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या गुरुजींशी खेळताना प्राध्यापिका ताम्हणकरांनी वजीर मुद्दाम गमावला होता. खानोलकरांनी ते संगणकाच्या साक्षीने सिद्ध केले, ‘गुरुदक्षिणा’ असा मथळा दिला आणि तो डाव मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रास पडली होती.

“दार उघडं दिसलं म्हणून परक्याच्या माजघरात शिरणाऱ्याला रसिक म्हणत नाहीत, खानोलकर,” त्या थंडपणे म्हणाल्या. “आत्ता काढा.”

“काढतो की! पण गुरुजींनी सकाळीच पाहिलाय.”

त्या निर्लज्ज सुराची त्यांना, दुधात पाल दिसावी तशी, किळस आली.

तेवढ्यात गुरुजींचा संदेश आला, एका बोटाने टंकलेला: “चौदा वर्षांची होतीस, हरलीस की ढसाढसा रडायचीस. तरी मी तुझ्याशी एकदाही मुद्दाम हरलो नव्हतो.”

त्यांनी फोन ठेवला. किळस मात्र गेली नाही; तिला आता अधिक जवळचा पत्ता सापडला होता.