अर्धा तास

सूनबाईला थायरॉईड. सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची आणि मग अर्धा तास चहासुद्धा नाही. पण आमचा चहा एकत्रच, आणि मला कुठला तेवढा दम? ती गोळी घेऊन अंघोळीला गेली, की मी स्वयंपाकघरातलं घड्याळ वीस मिनिटं पुढे ढकलायचो. चहा पोटात गेला, की गुपचूप मागे. वर्षभर कुणाला पत्ता नाही.

काल पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं बाळ गेलं.

"दोनदा डोस वाढवला, तरी गोळी लागू पडेना. लगेच चहा घेत होतीस का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही हो. घड्याळ बघून, अर्ध्या तासाने," म्हणत तिने माझ्याकडे मान वळवली.

 

"हवं तर बाबांना विचारा. रोज समोरच असतात."