खालचा आकडा

राजेश्वरीनं घाईनं वही झाकली, पण सासऱ्यांनी बघायचं ते बघितलं होतं.

"बाण हाय त्यात," आबाराव म्हणाले. "रसायनाचं हाय व्हय?"

ती पदर सावरत उठली. उद्या परंड्याला दहावीचा विज्ञानाचा पेपर होता. आठ वर्षांपूर्वी ह्याच विषयात ती नापास झाली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. यंदा नवऱ्यानं बाहेरून बसायचा फॉर्म भरून दिला होता. सासऱ्यांना मात्र दोघांनीही काही सांगितलं नव्हतं.

"उद्या दहावीचा पेपर आहे. सोनारीला देवाला जाते म्हणून सांगणार होते, मामा," ती खाली बघत म्हणाली.

"बस. दाव," आबाराव म्हणाले.

ते तीस वर्षं हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. स्वतः चौथी शिकलेले. चष्मा लावून ते वहीवर वाकले. लोखंड आणि पाण्याची वाफ, त्यातून लोखंडाचं ऑक्साइड आणि हायड्रोजन. बाणाच्या उजवीकडं ऑक्सिजन चार, डावीकडं एकच. राजेश्वरीनं पाण्याच्या सूत्रात ‘ओ’च्या खाली बारीक चार लिहून दोन्हीकडचे ऑक्सिजन सारखे करून टाकले होते.

"ह्यो चार कशाला?"

"त्यानं जुळतं की."

"जुळतं. पण मग ते पाणी ऱ्हात न्हाय." त्यांनी उजव्या हाताची बोटं पुढं केली. "एच टू ओ म्हंजे पाणी. त्यातल्या ओखाली दोन लिव्हला की झालं एच टू ओ टू. ते एकदा ह्या बोटांवर सांडलं हुतं. कातडी पांढरीफेक पडली, लई जळजळलं. खालचा आकडा बदलला की बाटलीच बदलती, पोरी. आकडा घालायचा तो सूत्राच्या अगुदर."

तिनं चार खोडला आणि पाण्याच्या सूत्राआधी, डावीकडं लिहिला. आता हायड्रोजन आठ झाले, म्हणून पलीकडच्या हायड्रोजनच्या आधीही चार. लोखंडाच्या आधी तीन. पेन्सिलीचं टोक एकेका अक्षरावर ठेवत तिनं मोजलं. जुळलं. पुन्हा मोजलं.

"तुम्हाला कसं येतं हे, मामा?"

"येत न्हाय. तास संपत आला की बोर्ड पुसायला जायचो. शिपायानं वर्गात रेंगाळायचं नसतं." त्यांनी चष्मा काढला. "म्या लई हळू पुसायचो."

राजेश्वरी वहीचा कोपरा बोटानं सरळ करत राहिली.

बाहेर शेळ्या परतल्याचा आवाज झाला. भाकरीची वेळ झाली होती. सासूबाई वाशीला लेकीकडं गेल्यापासून चूल तिच्याकडंच होती. तिनं पेन्सिल खाली ठेवली, पण आबाराव तिच्या आधी उठले.

"अजून किती ऱ्हायलीत?"

"अकरा."

ते आत गेले. पिठाच्या डब्याचं झाकण उघडलं. परात चुलीपाशी सरकली. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. राजेश्वरी अर्धवट उठली.

"उठू नको," आतून आवाज आला. "पिठात पाणी किती घालायचं, तेवढं तिथनंच सांग."