बाद फोटो

"समिंदर ऱ्हायला घाटाखाली, आन् त्याची शाळा भरलीया हितं मुळशीत!" चहा देता देता रिसॉर्टवरचा शंभू बोलून गेला. आशालताबाई हसल्या. पावसाळ्यात समुद्रात बुड्या मारता येत नाहीत, म्हणून संरक्षित समुद्रावर देखरेख करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांना त्या धरणाकाठच्या या हॉलमध्ये फोटोंवरून प्रवाळांची मोजणी शिकवत होत्या. नियम त्यांनीच घालून दिला होता: कॅमेऱ्यानं रंग बिघडवलेत असं वाटलं, तर तो फोटो सरळ बाद करायचा.

शेवटच्या दिवशी परीक्षा होती. यंदाच्या, पांढुरक्या पडलेल्या प्रवाळांच्या फोटोंमध्ये बाईंनी गुपचूप एक जुना फोटो सरकवला. खडक तेच, पण फोटो त्यांच्या स्वतःच्या पहिल्या बुडीतला, पंचवीस वर्षांपूर्वीचा. जांभळे, पिवळे, तपकिरी प्रवाळ, नुसते दाटलेले. तीळ ठेवायला जागा नव्हती. निदान हे बघून तरी पोरं हरखतील, आपण कशासाठी राबतोय ते त्यांना उमगेल, अशी त्यांना आशा होती.

झाडून सगळ्यांनी तोच फोटो बाद केला.

"अरे, पण का?" बाईंचा आवाज चिरकला.

वर्गातला सगळ्यात हुशार ऋषिकेश अदबीनं उठून उभा राहिला.

"मॅडम, कॅमेऱ्याचाच दोष आहे. दोन वर्षं मी त्याच खडकांवर बुड्या मारतोय. समुद्राला असे रंग नसतात."