अकरा घरांचे अंगठे

शाळा सुटून तास झाला होता. कुलूप लावायला उठलेल्या घुले गुरुजींना शेवटच्या बाकाखाली दुसरीतली कौतिका दप्तरावर डोकं ठेवून झोपलेली दिसली. अंग तापानं फणफणलं होतं.

तिच्या आईला कळवावं म्हणून त्यांनी मोबाईल काढला. कॅमेऱ्यातली चित्रं सर्रास खोटी निघायला लागल्यापासून सरकारची भिस्त माणसांच्या डोळ्यांवरच होती. शाळेतून घरी जाणारं मूल दारावरून गेलं की त्या घरानं ते पाहून दाराच्या चौकटीतल्या काचेवर अंगठा ठेवायचा. एक जरी अंगठा राहिला, तर गावभर भोंगा वाजायचा.

आज भोंगा वाजला नव्हता. मोबाईलवरच्या यादीत कौतिकाच्या नावापुढे वाटेवरच्या अकराही घरांचे अंगठे होते. शेवटी 'घरी पोचली' म्हणून आईचाही. त्यांनी आईला फोन लावला.

"यमुनाबाई, पोरगी कुठंय?"

"आसंल की गुरुजी, अंगणात. अकरा घरांनी पाहिलंय, जाती कुठं?"

गुरुजींच्या तोंडात शिवी आली. तेवढ्यात यादीची पहिली ओळ दिसली. 'शाळेतून निघाली.' त्यापुढे त्यांचाच अंगठा होता. घंटा झाल्यावर मान वर न करता सगळ्या वर्गासाठी एकदम ठेवलेला.

शिवी गिळून त्यांनी कौतिकाला खांद्यावर घेतलं.

"घेऊन येतोय," ते म्हणाले. "दारात उभ्या राहा."