आत्याचा मुक्काम

"जंगलातल्या लॉजवर चार जण," ट्रॅव्हल एजंट स्क्रीनवरचं वाचून दाखवत होता, "आणि दोन्ही शहरांतल्या हॉटेलांवर पाच."

आत्या इतका वेळ खुर्चीत रेलून निवांत ऐकत होती. ती ताठ झाली.

"जंगलात कोण येत नाहीये?"

शेजारी भाचीची मोबाइलवर चाललेली टकटक थांबली. पलीकडे वहिनीनं उगाचच पर्स उघडली आणि मिटली. भाचा पाणी पिऊन येतो म्हणून उठला.

आत्याला जन्मापासून दिसत नव्हतं. इस्पितळात ती फिजिओथेरपिस्ट होती. आखडलेले खांदे आणि रुसलेले गुडघे वठणीवर आणण्यात तिची निम्मी हयात गेली होती. तिच्याशी सुरुवातीला कीव येऊन बोलणारे पेशंट पहिल्याच दिवशी कळवळून सुधारत. घरी मात्र अजून कोणी सुधारलं नव्हतं.

"अगं, त्याचं असं आहे," भाऊ घसा खाकरत म्हणाला, "जंगलाच्या दिवसांत तू शहरातच आराम करावास असं आम्ही ठरवलं. हॉटेल झकास आहे. सगळं खोलीत आणून देतात."

"कधी ठरवलं?"

"परवा. जेवताना."

"मी कुठे होते?"

"तू ड्यूटीवर होतीस."

एजंटनं खुर्ची भावाकडे सरकवली. आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "साहेब, मॅडमना थोडंफार तरी दिसतं का?"

"मॅडमना ऐकू उत्तम येतं," आत्या म्हणाली. "आता मला सांगा, शहरात मी काय काय करणार आहे? वाचा."

एजंट चाचरत वाचू लागला. चित्रांचं संग्रहालय. संध्याकाळी बोटीतून दिव्यांची रोषणाई. दुसऱ्या दिवशी उंच मनोरा, वरच्या मजल्यावरच्या काचेच्या सज्ज्यातून अख्ख्या शहराचा नजारा.

"म्हणजे काचेआडून शहर बघायला मी चालते," आत्या म्हणाली. "जंगलात तेवढी नको."

"धोका असतो गं तिथे," भाऊ म्हणाला. "जीप काय खड्ड्याखड्ड्यांतून जाते, आजूबाजूला जनावरं. तुझ्या काळजीपोटीच म्हणतोय ना."

"जनावरं काय मलाच खाणार आहेत? तुझं काय त्यांना पथ्य आहे?"

वहिनीला हसू आलं. ते तिनं खोकल्यात दडवलं. भाचीला मात्र राहवलं नाही.

"आत्या, चिडू नकोस ना. तिथे अगदी गप्प बसावं लागतं. काही दिसलं की तुला कोण सांगत बसणार, डावीकडे हे, उजवीकडे ते? आम्ही बघायचं कधी मग?"

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावाचं ती समजू शकत होती, तो लहानपणापासून तिला काचेचं भांडं समजायचा. पण ही पोर तिच्या अंगाखांद्यावर वाढली होती. रात्री घाबरली की आईला सोडून आत्याच्याच पांघरुणात शिरायची.

"सिंह ओरडला," आत्यानं विचारलं, "तर तेही तूच सांगणार का मला?"

भाचीची मोबाइलवरची टकटक पुन्हा सुरू झाली.

"लॉजला फोन लावा," आत्या एजंटला म्हणाली. "स्पीकरवर. माझ्यासारखं माणूस तिथे चालतं का, विचारा."

एजंटनं भावाकडे पाहिलं असावं, कारण भाऊ सुस्कारा टाकून म्हणाला, "लावा."

पलीकडे एका बाईनं फोन उचलला. एजंट आडवळणानं बोलू लागला, "आमच्या एका गेस्टना जरा दृष्टीचा प्रॉब्लेम आहे, तर त्यांना जीपमध्ये..."

"त्या तिथे आहेत का? मग त्यांनाच बोलू द्या की," बाई म्हणाली.

आत्या पुढे झुकली. "बोला."

"पहाटे उठाल ना? गाडी कोणासाठी थांबत नाही हं. आणि स्वेटर आणा, गारठा फार असतो."

"उठेन. आणि मी आंधळी आहे. अजिबात दिसत नाही मला."

"बरं. जीपमध्ये चढताना हात लागेल?"

"पहिल्या दिवशी लागेल."

"मग या."

फोन ठेवला गेला. एवढं साधं होतं ते. आणि परवा जेवणाच्या टेबलावरून एवढा एक फोन करावासा कोणालाही वाटला नव्हता. इथे रडलं तर हे सगळे पाठीवरून हात फिरवायला लागतील, हे तिला माहीत होतं. तिनं खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"बरं बाई, चल मग आमच्याबरोबर," भाऊ म्हणाला. हट्टी पोराच्या हातात खेळणं द्यावं तसा त्याचा सूर होता. "झालं समाधान?"

"नाही," आत्या म्हणाली आणि एजंटकडे वळली. "माझा मुक्काम सगळाच्या सगळा जंगलात लावा. शहरं यांना राहू देत. आणि हे जंगलात येतील तेव्हा यांची जीप वेगळी ठेवा. यांना गप्प बसून बघायचंय."

"एकटी राहणार तू?" वहिनी घाबरून म्हणाली.

"आत्या, मी तसं नव्हते म्हणत..." भाचीचा आवाज रडवेला झाला होता. तिनं आत्याच्या मनगटावर हात ठेवला. आत्यानं तो झिडकारला नाही, पण धरलाही नाही.

एजंटची खुर्ची करकरली. या वेळी त्याचा आवाज थेट समोरून आला.

"मॅडम, तुमच्यासाठी गाडी काचांची बंद ठेवू की उघडी?"

"उघडी," आत्या म्हणाली.